तापलेले तेल, काळा धूर : जुन्या टर्बो गाड्यांचा स्वभाव आणि सांभाळ

#थ्रेड #इतिहास #यंत्रेतिहास

१/२१
सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात केम हे गाव आहे. महाराष्ट्र त्याला ओळखतो तो कुंकवामुळे. मुंबई-सोलापूर लोहमार्गावर जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या दरम्यान त्याचे स्टेशन लागते. जुन्या टर्बो स्पोर्ट्स कारच्या इतिहासात या गावाचे काय काम, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. पण केमच्या फलाटावर उभ्या राहिलेल्या कित्येक पिढ्यांनी टर्बोचा आवाज ऐकला आणि त्याचा धूर अंगावर घेतला, तो मोटारीचा नव्हे, रेल्वे इंजिनाचा. रस्त्यावरचा टर्बो आणि रुळांवरचा टर्बो एकाच घराण्यातले. त्यांच्या खोडीही सारख्याच. फरक पडला तो सांभाळात.

२/२१
आधी यंत्र समजून घेऊ. इंजिनात इंधन जळते आणि त्याचा तप्त वायू सायलेन्सरवाटे बाहेर जातो. त्या वायूत बरीच ऊर्जा शिल्लक असते. टर्बोचार्जर हा वायू एका छोट्या चक्रावर सोडतो. चक्र फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र असते, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबाने भरते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येते, म्हणून शक्ती जास्त. वाया जाणाऱ्या धुरातून कामाची ताकद मिळवणारी ही युक्ती आहे.

३/२१
या युक्तीचा जनक आल्फ्रेड ब्यूखी हा स्विस अभियंता. त्याने १९०५ मध्ये पेटंट घेतले. कल्पना बरोबर होती, पण तेवढी उष्णता आणि तेवढा वेग सोसणारे धातू त्या काळी सहज उपलब्ध नव्हते. यश हाती यायला वीस वर्षे गेली. १९२५ च्या सुमारास ‘प्रॉयसन’ आणि ‘हान्सेस्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांवर टर्बो बसला आणि प्रत्येक इंजिनाची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली.

४/२१
जहाजाच्या आधी विमानाचा प्रयोग झाला होता. उंचावर हवा विरळ होते आणि इंजिन दम सोडते. १९१८ मध्ये अमेरिकेतील सॅनफर्ड मॉस याने टर्बो लावलेले ‘लिबर्टी’ इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच डोंगरावर नेऊन चालवून दाखवले. म्हणजे मोटारीपर्यंत येण्यापूर्वी टर्बो जहाजात आणि विमानात वावरला होता. दोन्ही ठिकाणी त्याच्या शेजारी कायम एक प्रशिक्षित यंत्रज्ञ असे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो.

५/२१
टर्बोच्या सर्व खोडी तीन गोष्टींतून उगवतात.
उष्णता : पेट्रोल इंजिनातून निघणारा वायू ९०० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकतो.
वेग : मोटारीतल्या छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि बहुतेक जुन्या टर्बोंमध्ये तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो.
विलंब : धूर वाढल्याशिवाय चक्राला वेग येत नाही आणि चक्राला वेग आल्याशिवाय हवा वाढत नाही. पाय दाबणे आणि ताकद मिळणे यांत अंतर पडते. यालाच ‘टर्बो लॅग’ म्हणतात.

६/२१
चौथी अडचणही आहे, ती म्हणजे श्वास. १९५२ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत कमिन्स कंपनीची टर्बो डिझेल मोटार उतरली. फ्रेड अगाबाशियन याने तिच्यातून पात्रता फेरीत पहिले स्थान पटकावले. डिझेल गाडी शर्यतीत सर्वांच्या पुढे उभी राहिली, हे पाहून जाणकार चकित झाले. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र २०० पैकी सुमारे ७० फेऱ्या होताच ती बाहेर पडली. धावपट्टीवरचा टायरच्या रबराचा कचरा हवेच्या मार्गात साचला आणि टर्बो गुदमरला. इंजिन उत्तम होते, त्याचे नाक बंद झाले होते. जुन्या टर्बो गाडीचा एअर फिल्टर आधी का पाहायचा, याचे उत्तर इथे आहे.

७/२१
आता १९६२ हे साल. या वर्षी अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीने ‘जेटफायर’ बाजारात आणली. सर्वसामान्य ग्राहकाला विकत घेता येणाऱ्या पहिल्या टर्बो मोटारींपैकी ही एक. साडेतीन लिटरचे ॲल्युमिनियमचे आठ सिलिंडरी इंजिन आणि २१५ अश्वशक्ती. पण दाबाने भरलेली हवा तापते. तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधीच पेटते आणि इंजिनात ठोके पडू लागतात. हे ठोके पिस्टन फोडू शकतात. उपाय म्हणून कंपनीने गाडीत एक वेगळी टाकी दिली. तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण भरायचे आणि ते थोडे थोडे इंजिनात फवारले जायचे. त्याला नाव दिले होते ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’.

८/२१
अभियंत्यांनी यंत्राचा विचार केला, माणसाचा केला नाही. ग्राहक पेट्रोल भरत, ही दुसरी टाकी भरायला विसरत. ती रिकामी झाली की सुरक्षेसाठी टर्बोचा दाब आपोआप कमी होई आणि गाडी मंद पडे. मग तक्रार येई की गाडी पळत नाही. अनेक गाड्यांचा टर्बो विक्रेत्यांनीच काढून टाकला आणि जागी साधा कार्बोरेटर बसवला. १९६३ नंतर जेटफायर बंद झाली. दोन वर्षांत दहा हजारांहून कमी गाड्या बनल्या आणि टर्बोसह शाबूत राहिलेल्या आज संग्राहकांच्या हाती आहेत. गाडीची रचना फार बिघडलेली नव्हती. तिला लागणारी सवय मालकांपाशी नव्हती.

९/२१
त्याच १९६२ मध्ये अमेरिकेतूनच दुसरे एक टर्बो यंत्र भारतात उतरत होते. अल्को कंपनीचे १६ सिलिंडरी, २,६०० अश्वशक्तीचे डिझेल रेल्वे इंजिन. भारतीय रेल्वेने त्याला डब्ल्यूडीएम-२ हे नाव दिले. १९६४ पासून वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्यात ते बनू लागले. १९६९ मध्ये मूळ अल्को कंपनीने रेल्वे इंजिने बनवणेच थांबवले. भारतात मात्र त्याचे उत्पादन १९९० च्या दशकापर्यंत चालले आणि संख्या अडीच हजारांच्या पुढे गेली.

१०/२१
पुण्यापर्यंत विजेची गाडी १९३० च्या सुमारासच आली होती. पुण्याच्या पूर्वेला दौंड, भिगवण, जेऊर, केम, कुर्डुवाडी, सोलापूर हा मार्ग मात्र कित्येक दशके डिझेलवर चालला. १८५९ मध्ये कुर्डुवाडीपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या ‘बार्शी रोड’ स्टेशनापर्यंत पोहोचलेला हा जुना लोहमार्ग. त्यातला भिगवण ते मोहोळ हा टप्पा दीर्घकाळ एकेरी राहिला. एकेरी मार्गावर समोरची गाडी येईपर्यंत एकीने स्टेशनात थांबायचे, याला ‘क्रॉसिंग’ म्हणतात. केम हे असेच क्रॉसिंगचे ठिकाण होते.

११/२१
क्रॉसिंगला उभ्या डब्ल्यूडीएम-२ मध्ये टर्बोचा सगळा स्वभाव दिसे. इंजिन संथ चालीवर घरघरत राही. सिग्नल मिळाला की ड्रायव्हर हँडल एकेक ‘नॉच’ पुढे सरकवी. नॉच आठ असत. नॉच वाढला की इंधन लगेच वाढे, पण टर्बोचे चक्र अजून वेग घेत असे, त्यामुळे हवा कमी पडे. न जळलेले कार्बनचे कण धुराड्यातून काळ्याकुट्ट लोटासारखे बाहेर पडत. काही क्षणांनी टर्बोची शीळ चढे आणि धूर विरळ होई. गावाच्या दृष्टीने ते इंजिनाचे रूप होते. यंत्रशास्त्राच्या भाषेत तो टर्बो लॅग होता, डोळ्यांना दिसणारा.

१२/२१
हाच विलंब स्पोर्ट्स कारमध्ये आला तेव्हा तो धोकादायक ठरला. बीएमडब्ल्यूने १९७३ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात ‘२००२ टर्बो’ मांडली. दोन लिटर, १७० अश्वशक्ती. ठोके टाळण्यासाठी इंजिनाचे संपीडन प्रमाण ६.९ पर्यंत उतरवले होते. परिणामी टर्बो जागा होईपर्यंत गाडी सुस्त आणि जागा झाल्यावर एकाएकी उसळणारी. काही आठवड्यांतच तेलसंकट आले. १९७५ पर्यंत जेमतेम १,६७० गाड्या बनून तिचा अध्याय संपला.

१३/२१
१९७५ मध्ये पोर्शेची ‘९११ टर्बो’ विक्रीस आली. तिचे अंतर्गत नाव ९३०. तीन लिटर, २६० अश्वशक्ती आणि इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर काही घडत नसे, मग सगळी ताकद एकदम येई. घाबरून चालकाने पाय काढला की वजन पुढे झुके, मागची चाके पकड सोडत आणि गाडी गर्रकन फिरे. इंग्रजी बोलणाऱ्या जगात तिला ‘विधवा करणारी’ असे टोपणनाव मिळाले. १९७८ मध्ये पोर्शेने इंजिन ३.३ लिटरचे केले आणि दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर बसवला. विलंब कमी झाला, नाहीसा झाला नाही. ही गाडी चालवताना पाय अर्धा क्षण आधी दाबायचा, हे चालकाला शिकावे लागे. केमच्या फलाटावरून सुटणारा ड्रायव्हर नॉच एकेक करून, थांबत थांबत वाढवी, त्यामागेही हेच ज्ञान होते.

१४/२१
आता सांभाळाकडे वळू. टर्बोचा खरा शत्रू म्हणजे गाडी एकदम बंद करणे. जोरात धावून आलेल्या गाडीचे इंजिन लगेच बंद केले की तेलाचा पंप थांबतो. पण टर्बोचा दांडा अजून फिरत असतो आणि त्याचे कवच धगधगत असते. बेअरिंगमध्ये अडकलेले तेल तिथेच जळते आणि त्याचा कडक कोळसा होतो. हा कोळसा तेलाच्या बारीक वाटा बुजवतो. पुढच्या वेळी दांडा कोरडा फिरतो, झिजतो आणि एके दिवशी टर्बो जातो. म्हणून जुन्या गाडीचे दोन नियम : सुरू केल्यावर तेल गरम होईपर्यंत जोर नाही, आणि थांबल्यावर एक-दोन मिनिटे इंजिन संथ चालू ठेवल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. १९८० च्या दशकात बेअरिंगभोवती पाणी खेळवणारे टर्बो रूढ होऊ लागले आणि हा धोका बराच घटला. त्याआधीच्या गाड्यांना माफी नाही.

१५/२१
रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये याच गोष्टीची परीक्षा ठरलेली होती. संथ चालीवरचे इंजिन बंद करायचे आणि टर्बोचे चक्र पूर्ण थांबायला किती वेळ लागतो, ते मोजायचे. अल्को इंजिनात साधारण दीड ते तीन मिनिटे हा निरोगी काळ मानला जाई. चक्र लवकर थांबले तर बेअरिंग जखडत आहे किंवा पाती कुठे घासत आहेत, अशी शंका घ्यायची. एका घड्याळावर आणि एका कानावर होणारी ही तपासणी. टर्बो न उघडता त्याच्या पोटातले कळे.

१६/२१
दुसरी तपासणी तेलाची. शेडच्या प्रयोगशाळेत इंजिनाच्या तेलाचे नमुने ठराविक काळाने जात. तेलात तांबे, शिसे, लोह किती उतरले आहे हे पाहून कोणता भाग झिजतो आहे, याचा अंदाज बांधला जाई. पाण्याचा अंश सापडला तर कुठेतरी गळती आहे. इंजिन फेरीवरून परतले की फेरीची तपासणी, मग महिन्याची, तिमाहीची, वर्षाची. इंजिन कोणाच्या मालकीचे नव्हते, पण त्याची वही होती. ड्रायव्हर त्या वहीत खोड लिही आणि फिटर त्याखाली उपाय लिही. जेटफायरच्या मालकांना जे जमले नाही, ते घोरपडीच्या शेडमधल्या पाळीच्या कामगारांनी रोजचे काम म्हणून केले.

१७/२१
मोटारीत टर्बोइतकीच वागवावी लागते ती रबराची जात. दाबाची हवा रबरी नळ्यांतून जाते. वर्षानुवर्षे उष्णता खाऊन त्या कडक होतात, चिरतात, क्लिपपाशी सैल पडतात. मग हवा वाटेतच निसटते. गाडी ओढत नाही, फुस्स असा आवाज येतो आणि इंधन जास्त जळते. अननुभवी मालक अशा वेळी टर्बो बदलायला निघतो. जाणता मिस्त्री आधी नळ्यांवर हात फिरवतो. दाब मर्यादेत ठेवणारी ‘वेस्टगेट’ नावाची झडप गंजून अडकते, ही दुसरी नेहमीची खोड. ती उघडी अडकली तर ताकद जाते. बंद अडकली तर दाब बेसुमार वाढून इंजिनच जाऊ शकते.

१८/२१
धुराचा रंग ही मिस्त्रीची जुनी लिपी आहे.
काळा : इंधन जास्त, हवा कमी. डिझेलमध्ये क्षणभर दिसला तर लॅग. सतत राहिला तर फिल्टर, नळ्या, इंजेक्टर पाहावेत.
निळसर : तेल जळते आहे. टर्बोचे सील किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या असाव्यात.
पांढरा, दाट आणि न ओसरणारा : शीतक पाणी सिलिंडरमध्ये शिरत असण्याची शक्यता.
अल्को इंजिन फार वेळ संथ चालीवर ठेवले तर न जळलेले तेल धुराड्याच्या वाटेत साचे आणि पुढे जोर लावताच ठिणग्या उडत. क्रॉसिंगला ताटकळलेल्या इंजिनाच्या ठिणग्यांमागे हेही एक कारण असे.

१९/२१
महाराष्ट्राच्या रस्त्यावर टर्बो स्पोर्ट्स कार सहजी का दिसली नाही? परवाना राज्य आणि जबर आयातशुल्क यांमुळे. १९९१ नंतर चित्र पालटू लागले. १९९८ मध्ये पुण्याच्या टाटा कंपनीने टर्बो डिझेलची ‘सफारी’ आणली. पेट्रोल टर्बोची हौस भागवणारी गाडी २००४ मध्ये आली, ती मराठवाड्यातून. तेव्हाच्या औरंगाबादजवळ, शेंद्रा येथे जुळणी होणाऱ्या स्कोडाच्या ऑक्टाव्हियाची ‘आरएस’ आवृत्ती. १.८ लिटर, प्रत्येक सिलिंडरला पाच झडपा, १५० अश्वशक्ती. भारतात विकल्या गेलेल्या पहिल्या काही टर्बो-पेट्रोल मोटारींत तिची गणना होते. आज ती वीस वर्षांची झाली आहे आणि तरुणांच्या हाती दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडून येते आहे.

२०/२१
खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. पुढे तंदुरुस्तीची तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. तेव्हा अशी गाडी घेणाऱ्याने रंग आणि चाके पाहण्याआधी कागद पाहावेत. तेल किती अंतराने आणि कोणते बदलले? टायमिंग बेल्ट कधी बदलला? इग्निशन कॉइल, व्हॅक्यूमच्या नळ्या, शीतक पाण्याची गळती यांची नोंद आहे का? गाडी रात्रभर थंड राहिल्यानंतर सकाळी सुरू करून पाहावी, कारण गरम इंजिन पुष्कळ दोष लपवते. हवेची नळी काढून टर्बोचा दांडा बोटाने हलवून पाहावा. किंचित हालचाल चालते, पाती कवचाला घासलेली चालत नाहीत. आणि गाडीच्या किमतीव्यतिरिक्त दुरुस्तीची रक्कम वेगळी काढून ठेवावी. जी वही रेल्वेच्या इंजिनाला होती, ती या गाडीलाही हवी.

२१/२१
१९९९ नंतर जनरल मोटर्सच्या रचनेची डिझेल इंजिने भारतात आली. त्यांत कमी वेगाला टर्बोचे चक्र इंजिनच दातेरी चाकांनी फिरवते, म्हणून काळा लोट कमी झाला. पुढे २०२० च्या दशकाच्या प्रारंभी दौंड-सोलापूर मार्गावर विजेच्या तारा आल्या, एकेरी टप्पा दुहेरी झाला आणि केमला क्रॉसिंगसाठी ताटकळणेही सरले. हवा स्वच्छ झाली, हे चांगलेच झाले. त्याबरोबर चक्र थांबण्याचा काळ कानाने मोजणारे फिटर निवृत्त झाले. यंत्राचा शोध कोणी लावला, हे ग्रंथांत सापडते. ते चालते कोणी ठेवले, हे शेडच्या वह्यांत असते आणि त्या वह्या रद्दीत जातात. ज्यांच्या घरी, शेजारी, गावात असा एखादा निवृत्त फिटर किंवा लोको ड्रायव्हर आहे, त्यांनी त्याच्याजवळ बसून ही माहिती लिहून घ्यावी. जुन्या टर्बो गाडीचे सर्वांत दुर्मीळ सुटे भाग म्हणजे ही माणसे.

(थ्रेड समाप्त)